वाईतला बिहार, मेणवलीतलं यूपी

हिंदी सिनेमातला बिहार बघायचा असेल तर साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्याला लागायचं आणि पाचवडला डावीकडे वळायचं. दहा-बारा किलोमीटरवर वाई. उत्तर प्रदेशही तिथंच आहे आणि २०१३ पासून तामिळनाडूचं एक गावही तिथंच आहे. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘ओंकारा’ (२००६), ‘इश्किया’ (२०१०), ‘दबंग’ (२०१०) आणि ‘चेन्नई एक्सप्रेस’ (२०१३) हे वाईच्या परिसरात चित्रण झालेले सहा सिनेमे आणि वर पाचगणीचा ‘तारे जमीन पर’ (२००७) असे सातही लागोपाठ पाहिले, तर कथा बाजूला राहते आणि नजर पडद्याच्या कोपऱ्यांत फिरायला लागते. कथा, अभिनय, गाणी यांवर लिहून लिहून लोकांच्या शाया संपल्या. म्हणून इथं माप एकच : वाईनं घेतलेलं सोंग किती जमलं?

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं आपण म्हणतो. वाईपुरती ही म्हण थोडी बदलावी लागते. इथं पैसा मुंबईहून येतो. आणता येत नाही ते डोंगराचं सोंग. पांडवगड, वैराटगड, सोनजाईचा डोंगर, पाचगणीची कड हे सगळे लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेले डोंगर. माथा सुरीनं कापल्यासारखा सपाट, खाली पायऱ्या-पायऱ्यांचे कडे. गंगेच्या मैदानात असं काहीच नाही. तिथं क्षितिज म्हणजे ताटाची कड. त्यामुळं वाईत कॅमेरा लावून गोरखपूर दाखवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच काळजी : फ्रेमच्या वरच्या भागात काय येतंय.

डोंगर लपवला तरी चुगली करणाऱ्या गोष्टी बऱ्याच उरतात. सगळ्यात मजेदार म्हणजे ‘ळ’. हिंदी आणि मराठीची लिपी एक, त्यामुळं गावातल्या सगळ्या पाट्या बदलाव्या लागत नाहीत आणि हा वाईचा मोठाच फायदा. ‘तेल’, ‘साबुन’, ‘चाय’ अशा नव्या पाट्या चार ठिकाणी ठोकल्या की काम भागतं. पण ‘गूळ’, ‘फळे’, ‘शाळा’ यांपैकी काही मागं राहिलं की संपलं, कारण हिंदी पाटीवर ‘ळ’ येत नाही. उलटी खूणही आहे. ‘ड’ आणि ‘ढ’खाली टिंब दिलेली पाटी कलाविभागानं रंगवलेली समजावी, आपला पेंटर ते टिंब कशाला देईल?

मग दगड. गंगेच्या मैदानात गाळाची माती शेकडो फूट खोल, दगड लांबून आणावा लागतो, म्हणून बांधकाम विटांचं आणि वर गिलावा. बनारसचे घाट चुनारच्या फिकट वाळूच्या दगडाचे. कृष्णेचे घाट काळ्या कुळकुळीत पाषाणाचे. पाण्यात पाय सोडून बसलेल्या नायकाच्या मागं काळा दगड दिसला की नदी कुठली हे वेगळं सांगायला नको. देवळासमोर दीपमाळ दिसली तरी तेच.

बैल तर माणदेशातल्या, आटपाडीकडच्या माणसाला सांगायलाच नकोत. खिलारची ती लांब, मागं जाऊन वर उठलेली शिंगं. हरियाणा जातीची शिंगं आखूड, बिहारच्या बछौरचीही तशीच. गाडीला खिलार जुंपून गाडीवानाच्या डोक्याला गमछा बांधला, तर गमछा कुणी बघत नाही.

गवतावरून महिनाही सांगता येतो. डोंगर हिरवागार असेल तर चित्रीकरण जुलै ते ऑक्टोबरमधलं. उतार सोनेरी पिवळा दिसला तर नोव्हेंबर-डिसेंबर. फिकट तपकिरी आणि मधेच वणव्याचे काळे पट्टे असतील तर फेब्रुवारीच्या पुढं. उत्तरेचा उन्हाळा दाखवायचा तर शेवटचा काळ सोयीचा. उतार मातीसारखाच रंगतो आणि धुरकट उन्हात डोंगर निम्मा विरघळतो.

आता सिनेमे. सुरुवात ‘स्वदेस’पासून, आणि जरा जास्त वेळ इथंच जाईल.

आशुतोष गोवारीकरांनी कथेतलं चरणपूर उत्तर प्रदेशात ठेवलं आणि उभं केलं मेणवलीत. नाना फडणविसांचं हे गाव. वाडा, घाट, मेणेश्वराचं देऊळ, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या सगळं हाताशी. डोंगरापासून लपायचा प्रयत्न या सिनेमानं केलेलाच नाही, आणि इथंच तो बाकी सगळ्यांच्या पुढं जातो. कारण गोष्टीलाच डोंगर लागतो. अमेरिकेतून आलेला इंजिनिअर गावासाठी वीज तयार करतो ती उंचावरच्या झऱ्याच्या पाण्यावर. मैदानी मुलखात नदीला किलोमीटरमागं उतार जेमतेम वीतभर, तिथं ही गोष्ट घडलीच नसती. म्हणजे भूगोल उत्तर प्रदेशाचा म्हणून पाहिला तर खोटा, पण कथेच्या पोटातून पाहिला तर बरोबर. पहिल्यांदा बघताना हे जाणवत नाही. दुसऱ्यांदा जाणवतं आणि पटकथा लिहिणाऱ्याला मनातल्या मनात दाद द्यावी लागते.

त्या विजेचं गणितही करून बघण्यासारखं आहे, कारण सिनेमात ते जादूसारखं वाटतं आणि प्रत्यक्षात ते पाचवीच्या गुणाकाराएवढं आहे. किलोवॅट काढायला पाण्याचा प्रवाह (सेकंदाला घनमीटर) गुणिले उंची (मीटर) गुणिले ९.८, आणि यंत्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरून गुणिले ०.७. सेकंदाला शंभर लिटर पाणी पंधरा मीटर खाली सोडलं तर दहा किलोवॅट निघतात. २००४ साली गावात साठ वॅटचे पिवळे बल्ब होते. दहा किलोवॅटवर तसे दीडशेच्या वर पेटतात. शंभर लिटर वाहून न्यायला फूटभर व्यासाचा पाइप पुरतो, त्यात पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहतो. तेव्हा गावकऱ्यांनी श्रमदान करून हौद खणला, पाइप टाकला, चाक फिरवलं यात अशक्य काही नाही. खऱ्या प्रकल्पात अडतं ते दोन ठिकाणी. पाइपच्या तोंडाशी जाळीत पालापाचोळा अडकतो आणि प्रवाह मरतो. ती जाळी पावसाळ्यात रोज साफ करावी लागते. आणि आपल्याकडचा झरा मार्च-एप्रिलात करंगळीएवढा होतो, तेव्हा शंभर लिटर आणायचे कुठून? सिनेमा दिवा लागल्यावर पुढं सरकतो, उन्हाळ्याचं विचारत नाही. चालायचंच.

सिनेमावेड्या माणसानं मात्र ‘स्वदेस’ बघावा तो गावातल्या सिनेमाच्या प्रसंगासाठी. रात्री मैदानात कापडी पडदा लावलाय, ‘यादों की बारात’ चालू आहे. पडद्याच्या पुढं गावची मानाची मंडळी, मागच्या बाजूला खालच्या म्हणवल्या गेलेल्या जाती. पातळ कापडावर पडलेला प्रकाश काही पुढं परततो आणि काही आरपार जातो, म्हणून मागं बसलेल्यांनाही चित्र दिसतं. पण आरशातल्यासारखं उलटं. नायिकेचा उजवा हात डावा, पाटीवरची अक्षरं फिरलेली. जातीची रचना सांगायला एक कापड वापरलं आणि तिथं एकही संवाद खर्च केला नाही. मग वीज जाते, तारे दाखवणारं गाणं सुरू होतं, आणि त्या गाण्यातच नायक ते कापड खाली ओढतो. उदित नारायणना त्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि छायाचित्रणाचा महेश अणे यांना. अणेंनी दिव्याच्या, कंदिलाच्या उजेडात चेहरे ज्या मायेनं टिपलेत ते मोबाइलवर कळणारच नाही.

तक्रारीही आहेत. सिनेमा तीन तासांच्या वर चालतो आणि पहिला भाग ऐसपैस आहे. काही संवाद संवाद न राहता भाषण होतात. स्टेशनवर चार आण्याला पाणी विकणारं पोर येतं त्या मिनिटभरात, कुणीही भाषण न करता, त्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगून होतं. मध्यंतरापर्यंत एका रात्री, उरलेला दुसऱ्या रात्री असा बघितला तर जड जात नाही. तिकीटबारीवर तो पडला होता. तरी आज मेणवलीत येणारे बरेच जण नानांचं नाव नंतर घेतात, आधी ‘स्वदेस’चं.

‘गंगाजल’चा स्वभाव उलटा. प्रकाश झा स्वतः बिहारचे, त्यांना भाषा, पोलीस चौकी, पुढाऱ्याच्या अंगणातली गर्दी हे आतून माहीत. कथेतला तेजपूर जिल्हा काल्पनिक. पार्श्वभूमी १९७९-८० मध्ये भागलपूरला कैद्यांचे डोळे फोडले गेले त्या प्रकाराची. झांनी डोंगराचा प्रश्न सोडवला तो माणसांनी. बाजार, चौकी, मोर्चा, वऱ्हाड अशी फ्रेम माणसांनी भरून टाकली, की मागं क्षितिजाला जागाच उरत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार उपाय. गर्दीच्या प्रसंगात कडेची माणसं बघा : इथल्या शेतकऱ्याला धोतर-गमछा देता येतो, पण उभं राहायची ढब देता येत नाही. कंबरेवर हात, मान जरा तिरकी. ती ढब आपली.

आणि खलनायक साधू यादव म्हणजे आपले मोहन जोशी. त्यांचा बिहारी ठसका इतका पक्का, की वाईचं सोंग आणि जोशींचं सोंग यांत जोशींना दोन गुण जास्त द्यावे लागतात. सिनेमा आजही धारदार आहे, पण हिंसा थेट आहे, जेवताना किंवा पोरांबरोबर लावू नये. अजय देवगणच्या घरगुती प्रसंगांत सिनेमा ढेपाळतो. ते पुढं ढकलले तरी काही बिघडत नाही.

‘ओंकारा’ला निसर्गानंच मदत केली. विशाल भारद्वाजनी शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’ पश्चिम उत्तर प्रदेशात नेला. तो मुलूख म्हणजे उसाचा पट्टा, आणि आपलाही उसाचाच. मेरठकडचा ऊस आणि कृष्णाकाठचा ऊस पडद्यावर कोण ओळखणार? उसाच्या फडातनं जाणारी बैलगाडीची चाकोरी दोन्हीकडं सारखीच. भारद्वाजनी प्रकाशही असा निवडलाय, की कडा सरळ दिसतच नाही : कलती संध्याकाळ, धूळ, पाठीमागून येणारं ऊन. डोंगर दिसतो तो सावली होऊन. सावलीला राज्य नसतं.

सैफ अली खानचा लंगडा त्यागी हा या यादीतला सगळ्यात चांगला अभिनय. यावर वाद घालणाऱ्यानं आधी सिनेमा परत बघावा. मूळ नाटकातला रुमाल इथं कमरपट्टा झालाय. रुमाल हरवला तर कुणाचं काय जातं, पण घराण्याचा कमरपट्टा दुसऱ्या बाईच्या कंबरेला दिसला तर खून पडेल हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात पटतं. रूपांतर असं करावं. कोंकणा सेन शर्माला या सिनेमासाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो तिच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी द्यावा एवढी ती मिनिटं भारी आहेत. अडचण एकच : बोली. ‘म्हारे’, ‘तन्ने’ कानाला बसेपर्यंत पहिला अर्धा तास निघून जातो आणि नेमकं त्याच अर्ध्या तासात कोण कुणाचा माणूस हे ठरतं. खालची अक्षरं सुरू ठेवून बघावा, लाज कसली. शिव्याही भरपूर, तेव्हा दार लावून.

‘इश्किया’ हा ‘ओंकारा’चा धाकटा चुलतभाऊ. दिग्दर्शक अभिषेक चौबे ‘ओंकारा’च्या लेखकांपैकी, निर्माते आणि संगीतकार भारद्वाजच. वाई कशी वापरायची हे घरातच शिकलेलं, त्यामुळं काम सफाईदार आहे. गोरखपूरचं घर, अंगण, गल्ली. बराच सिनेमा भिंतींच्या आतच घडतो. विद्या बालनच्या पात्राचं नाव कृष्णा. कृष्णाकाठी बसून बघणाऱ्याला गंमत वाटते. लांबी दोन तासांच्या आसपास, त्यामुळं सातांपैकी कुठून सुरुवात करायची असा प्रश्न असेल तर इथून. नसिरुद्दीन शाहांच्या डोळ्यांतली लाजरी लबाडी आणि रेखा भारद्वाजांचा आवाज, एवढ्यावर दोन तास निघून जातात. शेवट घाईत उरकलाय.

‘दबंग’वर जास्त लिहिण्यात अर्थ नाही. लालगंज म्हणून वाई उभी आहे आणि सिनेमाला स्वतःलाच वास्तवाशी देणंघेणं नाही, मग आपण डोंगर मोजत का बसायचं? रंग इतके भडक, की काळा दगडही सणासुदीला नटल्यासारखा दिसतो. महेश मांजरेकर नायिकेचा दारुडा बाप होऊन येतात आणि सिनेमातला एकमेव खरा माणूस वाटतात. गाणी सुरू होतात तेव्हा चहा टाकावा. मारामारी सुरू झाली की परत यावं.

‘चेन्नई एक्सप्रेस’मध्ये मात्र सोंगाचं काम सगळ्यात महाग आणि सगळ्यात अवघड होतं, कारण इथं लिपीची सवलत नाही. कोंबन हे तामिळ गाव उभं करायचं तर ‘तेल’ची पाटीसुद्धा चालत नाही, दिसेल ती प्रत्येक देवनागरी पाटी झाकायची किंवा उतरवायची. देवळांचं तर विचारूच नका. तामिळ देऊळ म्हणजे दारावर उंच रंगीत गोपुर आणि आत बसकं गर्भगृह. आपल्याकडं उलटं : दार साधं, शिखर गाभाऱ्यावर, चुन्याचं, कोनाड्या-कोनाड्यांत मूर्ती. शिखराला गोपुर करता येत नाही, म्हणून सेट उभारावा लागतो. ‘दबंग’वाल्यांनी जे रंगाच्या डब्यात भागवलं त्याला रोहित शेट्टींना सुतार, मोल्डिंगवाले आणि ट्रक लागले. बाकी डोंगराचं मात्र इथं वावडं नाही. पश्चिम घाटाच्या पायथ्याची तामिळ गावंही डोंगराच्या कुशीतच असतात. म्हणून पाट्या आणि देऊळ सांभाळल्यावर बाकी चित्र बऱ्यापैकी पटतं.

पटत नाही ती रेल्वे. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी पुणे, सोलापूर, गुंतकल अशी जाते. सिनेमात ती दूधसागर धबधब्यासमोर थांबते, आणि दूधसागर आहे कॅसलरॉक ते कुळे या घाटात, म्हणजे गोव्याला उतरणाऱ्या मार्गावर. मिरजेच्या माणसाला हे बघून हसू आवरत नाही, कारण तो गोव्याला जातो ते याच वाटेनं. चित्र देखणं आहे यात शंका नाही. नायकाला कल्याणला उतरायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच. दीपिकाची दाक्षिणात्य हिंदी काहींना खटकते. विनोदाचं टायमिंग बघता तिला माफी आहे. शाहरुखचं हातवारे प्रकरण थोडं कमी असतं तर अजून चाललं असतं.

‘तारे जमीन पर’ या यादीत पाहुणा. इथं सोंग नाहीच. पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये चित्रण झालं आणि शाळेला काम मिळालं ते शाळेचंच. तरी यादीत घेण्याचं कारण दगड. पसरणीचा घाट चढून बारा-तेरा किलोमीटर वर गेलं की काळा पाषाण संपतो आणि जांभा सुरू होतो. टेबललँडचं सगळं डोकं जांभ्याचं. माती लाल, कट्टे लाल, आणि त्यावर सिल्व्हर ओक. वाईतल्या सहा सिनेमांनंतर हा लावला तर पडद्याचा रंगच बदललेला जाणवतो. शेवटची चित्रस्पर्धा दगडी पायऱ्यांच्या उघड्या रंगमंचावर आहे; तिथं परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी स्वतः बसल्यात, आणि त्या चित्रांमागं जलरंगांचे जाणकार समीर मोंडल यांचा हात आहे. पोराचं चित्र खोटं वाटत नाही ते त्यामुळं. पहिल्या तासात मात्र आई-बाप, मास्तर सगळे एकाच ठोकळ्यातले. अमोल गुप्तेंच्या लेखणीला यापेक्षा बारकावा शक्य होता.

हे सगळं नीट दिसावं म्हणून टीव्हीत दोन-चार गोष्टी आधी बदलाव्या लागतात. नाहीतर पाटीवरचा ‘ळ’ राहिला बाजूला, डोंगरही धड दिसत नाही.

हे बहुतेक सिनेमे पसरट चौकटीतले आहेत, २.३५ : १. आपला टीव्ही १६ : ९. म्हणून वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. त्रेचाळीस इंची टीव्हीवर प्रत्येकी साधारण साडेसहा सेंटिमीटरच्या. त्या बघून लोक ‘झूम’ दाबतात. दाबू नका. पट्ट्या जातात, पण डावी-उजवी मिळून जवळपास चौथाई चित्र कापलं जातं, आणि सगळी गंमत तर कडेलाच असते. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणल्यावरही हेच होतं.

दुसरं, चित्र मालिकेसारखं गुळगुळीत दिसत असेल तर टीव्ही स्वतःच्या मनानं मधल्या फ्रेम भरतोय. सिनेमा सेकंदाला चोवीस फ्रेमचा. टीव्ही त्याचे पन्नास-साठ करतो. सोनीत या सोयीला मोशनफ्लो म्हणतात, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस (नव्या टीव्हींत पिक्चर क्लॅरिटी), एलजीत ट्रूमोशन. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी. सोबत ‘व्हिविड’ काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडावं. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळं, मळकट वाटेल. डोळा सरावला की ‘स्वदेस’मधला कंदील कंदिलासारखा दिसायला लागतो.

तिसरं, आवाज. संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की शेजारी उठतो, ही तक्रार घरोघरी आहे. कारण सोपं आहे. ५.१, म्हणजे सहा स्पीकरच्या, आवाजात संवाद मधल्या स्पीकरचे. टीव्हीला मधला स्पीकर नसतो, तो वाटा डाव्या-उजव्यातच ओतावा लागतो आणि संगीत, गोंगाटात दबतो. अॅपमध्ये आवाजाचे पर्याय असतील तर ५.१ सोडून स्टिरिओ निवडावा, आणि टीव्हीत ‘क्लिअर व्हॉइस’सारखं काही असेल तर ते सुरू करावं. ‘ओंकारा’साठी हे केलंच पाहिजे. ‘दबंग’ला काही केलं नाही तरी चालतं.

पाहून झाल्यावर प्रत्यक्ष जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी बरा. पाणी उतरलेलं असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या मोकळ्या असतात आणि सिनेमातल्या चौकटी जुळवता येतात. पावसाळ्यात धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, वरच्यांवर शेवाळ. चप्पल घालून उतरणाऱ्याची हाडं मोडायला वेळ लागत नाही. वाईत आधी गणपती घाट. ढोल्या गणपतीचं देऊळ १७६२ चं, रास्ते सरदारांनी बांधलेलं. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी आदळून दोन्हीकडं फाटावं म्हणून. गावात सात घाट, आणि नाव दक्षिण काशी. तेव्हा उत्तरेचं सोंग आणायचा या गावाला तसा हक्कच आहे म्हणायचा.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. वाडा खासगी मालकीचा आहे, थेट आत घुसू नये, विचारून जावं. घाटाला अडकाठी नाही. तिथं एक मोठी घंटा टांगलेली आहे, वसईच्या १७३९ च्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून आलेली. सिनेमातली फ्रेम शोधायच्या नादात बरेच जण तिच्या खालून जातात आणि वर बघत नाहीत. फोटोसाठी सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर. दुपारी काळा दगड इतका तापतो आणि चमकतो, की मोबाइलचा कॅमेरा आकाश पांढरं करतो नाहीतर पायऱ्या काळ्याठिक्कर. पायरीवर बोट टेकवून प्रकाश लॉक करावा आणि थोडा खाली आणावा.

पुढं धोम. धरणाच्या भिंतीवर फोटोला मनाई असू शकते, पाटी वाचावी. नृसिंहाचं देऊळ आणि जलाशयाचा काठ बघून परत वाईला, मग पसरणीच्या घाटानं पाचगणी. शाळा चालू असताना आवारात सोडत नाहीत, बाहेरूनच समाधान मानावं. शनिवार-रविवारी आणि स्ट्रॉबेरीच्या दिवसांत घाटात गाड्यांची मुंग्यांसारखी रांग लागते, तेव्हा आधी पाचगणी आणि उतरताना वाई-मेणवली असा उलटा क्रम लावावा. गाडी नसेल तर वाई स्टँडवरून मेणवलीला रिक्षा मिळते. परतीचं मात्र तिथंच, बसायच्या आधी ठरवून घ्यावं.